हेवी लायसन

मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रक चालवणाऱ्याचं वय किमान २० वर्षं असावं लागतं. कमाल किती असावं याबद्दल कायदा गप्प आहे. आमच्या घरात मात्र या विषयावर कोणीच गप्प नव्हतं.

"अहो, या वयात माणसं चारधामला जातात," ही म्हणाली.

"ट्रक तिथंही जातो," मी म्हणालो.

मुलगा काही बोलला नाही. त्यानं फक्त माझ्या विम्याची पावती कुठं ठेवलीय ते आईला विचारलं.

मी सुरतेत रिंग रोडच्या कापड मार्केटाला लागून असलेल्या एका ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसात बिल्टी फाडतो. नग किती, वजन किती, पेड की टू-पे, गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, लायसन नंबर. बारदानात शिवलेली साड्यांची पार्सलं हमालाच्या पाठीवरून हौद्यात जातात, पण त्यांचा प्रवास खरा सुरू होतो तो माझ्या बॉलपेनातून. इतकी वर्षं हे केल्यावर ट्रक या विषयात आपल्याला कोणी काही शिकवावं असं उरलेलं नाही, अशी माझी समजूत झाली होती. बिल्टीवर 'गाडी नंबर' हा रकाना दीड इंचाचा असतो. त्यामुळे की काय, गाडीही साधारण तेवढीच असावी असं मनात कुठंतरी बसलेलं होतं.

निमित्त माझ्या मेव्हण्याचं. त्यानं धुळ्यात कर्ज काढून दहाचाकी घेतली. ड्रायव्हर होळीला म्हणून गावी गेला तो परत फिरकला नाही. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला न चुकता यायचा. एका रात्री फोनवर तो रडकुंडीला आला, तेव्हा मी पोटभर जेवून गच्चीवर बसलो होतो. अशा वेळी माणसाच्या तोंडून मोठी वाक्यं सुटतात. "ड्रायव्हर मिळत नाही म्हणजे काय? मी आहे की!" मी म्हटलं. तो हसेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "दाजी, कधी येता?"

यातून सुटण्याची एक पळवाट नंतर सापडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला होता की, हलक्या गाडीचं लायसन असलेल्या माणसाला ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवता येतं. माझ्याकडे हलकं लायसन होतं. गाडी नव्हती, पण पत्त्याचा पुरावा म्हणून ते मी जपलं होतं. म्हणजे छोटा टेम्पो मी तसाच चालवू शकलो असतो. पण दहाचाकीचं भरलेलं वजन २०१८ च्या नव्या मर्यादेप्रमाणे साडेअठ्ठावीस टन. मेव्हण्याला म्हटलं, ही विकून टेम्पो घे. त्यानं फोन बहिणीकडे द्यायला सांगितला.

हेवीच्या लायसनला डॉक्टरचा दाखला लागतो, फॉर्म १-अ. त्यात रंग ओळखता येतात का तेही बघतात. डॉक्टरांनी एक ठिपका दाखवला. मी म्हटलं, "राणी." दुसरा दाखवला. "मोरपंखी." तिसऱ्याला मी "हा रामा ग्रीन आहे, पण धुतल्यावर उतरेल," असं सांगितलं. डॉक्टरांनी न बोलता सही केली. पूर्वी आठवी पासची अट असायची, ती २०१९ मध्ये सरकारनं काढून टाकली. मी बी.कॉम. असल्याचं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हौसेनं सांगितलं तेव्हा उस्तादनं मान हलवली. "भणेला माणसने रिवर्स नथी आवडतुं," तो म्हणाला. हे भाकीत होतं हे तेव्हा कळलं नाही.

उस्ताद अस्सल सुरती. सुरती माणूस शिवीशिवाय वाक्य पुरं करत नाही आणि त्यात राग नसतो. राग आला तर तो शिवी न देता बोलतो, आणि ते फार वाईट. मला तो पाटील म्हणे. माझं आडनाव पाटील नाही. पण उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली हा सगळा पट्टा खानदेशातून आलेल्यांनी इतका भरलाय की तिथं रिक्षावाल्याशी अहिराणीत भांडता येतं, आणि उस्तादच्या हिशेबात ताप्ती लाइनच्या गाडीतून उतरलेला प्रत्येक माणूस पाटील. दोन-तीनदा दुरुस्ती करून पाहिली, मग पाटीलकी स्वीकारली.

पहिला धडा गाडीत चढण्याचा. हा वेगळा धडा असतो हे मला माहीत नव्हतं. पायरीवर आधी कुठला पाय ठेवायचा हे ठरलेलं असतं. तो चुकला तर वर पोचेपर्यंत माणूस उलटा झालेला असतो. मी दांडा धरला, जोर लावला आणि केबिनमध्ये शिरलो, तेव्हा माझ्यासमोर स्टेअरिंग नव्हतं. मागच्या बर्थवर वाळत घातलेली उस्तादची लुंगी होती. तिच्याकडे पाहत मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मग अख्ख्या केबिनला प्रदक्षिणा घालून जागेवर बसलो. डॅशबोर्डवर खोडियार मातेचा फोटो होता. माता मगरीवर बसलेली, आणि चेहरा इतका शांत की वाहनाचं काय करायचं हा प्रश्न तिला कधी पडलाच नसावा. मी मनोभावे हात जोडले आणि चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं. क्लच दाबला, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी जागची हलेना. कुठंतरी बझर केकाटत होता. मी आणखी ॲक्सिलरेटर दिला. इंजिन ओरडलं, बझर ओरडला, उस्ताद मात्र मावा चोळत बसला होता. "पाटील, पहेला हवा भरावा दे," तो शेवटी म्हणाला. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. टाकीत हवा कमी असली की ब्रेक आपोआप लागलेलाच राहतो. काटा वर चढल्याशिवाय गाडी सोडत नाही. म्हणजे ही गाडी मुळात थांबलेली असते, चालण्यासाठी तिची समजूत काढावी लागते. ऑफिसात बसून मी किती ड्रायव्हरांवर खेकसलो होतो, "गाडी चालू करून दहा मिनिटं उभा काय राहतोस, डिझेल काय तुझा बाप देतो?" हवा भरत होती म्हणे.

मग वळण. मोटारीत पुढची चाकं आपल्या पुढं असतात. ट्रकमध्ये आपण चाकांच्या वर, खरं तर जरा पुढंच बसलेले असतो. म्हणून वळायची जागा आली की वळायचं नाही. ती जागा डोळ्यांसमोरून मागं जाऊ द्यायची, छातीत धडधड झाली पाहिजे, समोरच्या दुकानातला माणूस उठून उभा राहिला पाहिजे, आणि मग स्टेअरिंग फिरवायचं. मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग येत नाहीत, ती आतून कापत येतात. एका कोपऱ्यावर मी पुढचा भाग असा देखणा वळवला की स्वतःवरच खूश झालो. तेवढ्यात मागची चाकं फुटपाथ चढून, एका लारीवाल्याचा रिकामा खोका सपाट करून, उतरून माझ्यामागं आली. लारीवाल्यानं आरडाओरड केली नाही. त्यानं फक्त गाडीवरची 'एल'ची पाटी वाचली आणि दुसरा खोका जरा आत सरकवला. सुरतेची माणसं व्यवहारी आहेत.

रिव्हर्सबद्दल मी फार लिहिणार नाही, पण भिंतीचा उल्लेख करायलाच हवा. स्कूलच्या मैदानाच्या टोकाला एक भिंत होती. मागं क्लीनर पोरगा उभा राहून हौद्याच्या फळीवर थाप मारी. दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक थाप म्हणजे थांबा. ऐकायला सोपं वाटतं. पण थाप पडली की ती एक आहे की दोनांतली पहिली आहे हे कळायचं कसं? त्यासाठी दुसरी येते का याची वाट पाहावी लागते. मी वाट पाहिली. दुसरा आवाज आला, पण तो थापेचा नव्हता. खाली उतरून पाहिलं तर भिंतीवर त्याच उंचीला जुन्या ओरखड्यांची एक अख्खी रांग होती. "बधा अहीं ज अडे छे," उस्ताद म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता.

माझी गाडी फाटकातून सरळ बाहेर काढायची म्हणजेही एक कार्यक्रम असे. त्या वेळी उस्ताद इतिहासात शिरायचा. सुरतेत मराठी माणसानं काही केलं की हा विषय निघतोच. "महाराज बे वार आव्या," तो म्हणायचा, "ने बेव वार माल लईने टाइमसर नीकळी गया. ताराथी खाली गाडी गेटनी बहार नथी नीकळती!" यावर उत्तर नव्हतं. १६६४ आणि १६७० या दोन्ही मोहिमांकडे मी तोवर वाहतूकदाराच्या नजरेनं पाहिलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला तर परतीच्या वाटेवर वणी-दिंडोरीपाशी मोगल फौज आडवी आली, लढाई झाली, तरी माल घरी पोचला. आमच्या ऑफिसात एवढ्याशा पावसानं पार्सल ओलं झालं तरी पार्टी क्लेम टाकते.

आता बीआरटीएसचं सांगतो.

उधन्याहून सचिन जीआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मधोमध बसची वेगळी मार्गिका आहे. २०१४ मध्ये सुरतेतली बीआरटीएस सुरू झाली ती याच रस्त्यावर. मी हा रस्ता जन्मभर पाहिलाय, पण नेहमी रिक्षातून आणि बाजूनं. त्या दिवशी भल्या सकाळी आम्ही भेस्तानच्या दिशेनं निघालो होतो. उस्तादच्या पायांशी वेगळा क्लच-ब्रेक होता, पण त्याचे हात प्लॅस्टिकच्या कागदात मावा चोळण्यात गुंतलेले आणि डोळे हातांवर. पुढं एक टेम्पो बंद पडलेला, त्याच्या डावीकडून सायकली, उजवीकडून रिक्षा. चौकात आलो आणि मला उजव्या हाताला एक लेन दिसली. दोन्ही बाजूंनी रेलिंग, आत एकही वाहन नाही, एकही गाय नाही. मला वाटलं, महापालिकेला शिकाऊ लोकांची किती काळजी! इतका सफाईदार वळसा मी आधीही मारला नव्हता आणि नंतरही मारला नाही. मागची चाकंसुद्धा शहाण्यासारखी आत आली.

थोडं अंतर फार सुखात गेलं. मी गिअर वाढवला. मग मागून हॉर्न वाजला, लांबलचक. आरशात पाहिलं तर मागं बस. उस्तादनं मान वर केली, उजवीकडे रेलिंग पाहिलं, डावीकडे रेलिंग पाहिलं, आणि एकही शिवी न देता म्हणाला, "पाटील." एवढंच. त्याचबरोबर त्यानं त्याच्या बाजूचा ब्रेक असा दाबला की मावा काचेवर गेला आणि गाडी थांबली ती नेमकी स्टेशनच्या दारासमोर.

स्टेशनं मार्गिकेच्या मधोमध असल्यामुळे दार माझ्या खिडकीच्या बाजूला आलं. आत डबे घेतलेल्या बायका, कामावर निघालेली पोरं. सगळे ट्रककडे बघत होते आणि मी सरळ समोर बघत होतो, जणू हे रोजचंच आहे. सुरतेत लोकांचा यंत्रणेवर इतका विश्वास आहे की जे समोर येऊन थांबलं ते आपल्यासाठीच असणार असं ते धरून चालतात. एक मावशी पुढं झाल्या आणि मान वर करून म्हणाल्या, "हाई गाडी सचिनले जाई का, भाऊ?"

अहिराणी कानावर पडली की माझं भान सुटतं. "जाई, मावशी," मी म्हणालो, "पन चढानं दार तिकडला अंगले से." मावशींनी खरोखर वाकून पलीकडे पाहिलं.

मागून बस आता थांबून थांबून हॉर्न देत होती. मागं जाता येईना, बाजूला निघता येईना. पुढच्या चौकापर्यंत बीआरटीएस म्हणून चालत राहण्याशिवाय इलाज नव्हता. मधल्या स्टेशनावर एका माणसानं हात केला. मी सवयीनं मान हलवून 'भरलीय' अशी खूण केली. चौकात फाटकावरच्या रखवालदारानं आमच्या गाडीची पाटी, माझा चेहरा आणि उस्तादचा चेहरा असा क्रमानं अभ्यास केला. "आ कई लाइननी बस छे?" त्यानं विचारलं. उस्तादनं त्याला जे उत्तर दिलं ते अस्सल सुरती होतं, त्यामुळे मला हायसं वाटलं. त्याचा राग गेला होता.

परीक्षेबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण त्या दिवशी काहीच घडलं नाही. मी पास झालो. घरी सगळ्यांना ते संशयास्पद वाटलं. पाच वर्षं मुदतीचं लायसन हातात आलं, उस्तादला मी घारी दिली, आणि उस्तादनं मला एकच आशीर्वाद दिला, की जिथं जाशील तिथं भिंत लांब असो.

मेव्हण्याची गाडी नवी, बीएस-सिक्स. तिला डिझेलशिवाय आणखी एक द्रव पाजावा लागतो. त्याचं खरं नाव काहीही असो, ड्रायव्हर लोक त्याला युरिया म्हणतात, आणि त्यात युरिया असतोही. आम्ही खानदेशातली माणसं. युरिया कपाशीला घालायचा, केळीला घालायचा, एवढंच ठाऊक. मेव्हणा म्हणाला, "दाजी, युरिया बघून घ्या." मी हौद्यात गोण्या शोधत राहिलो.

एकट्याच्या हाती गाडी द्यावी असं कोणाच्याच मनात नव्हतं, माझ्याही नाही. साक्रीकडचे एक जुने ड्रायव्हर, आप्पा, दोन-चार खेपांसाठी तयार झाले. मी सेकंड ड्रायव्हर. लग्नसराईच्या साड्या भरल्या, ताडपत्री बांधली, आप्पांनी टॉमी घेऊन प्रत्येक टायरवर ठोका मारला आणि आवाज ऐकला. मीही एका टायरवर मारून कान दिला. "काय म्हणतो?" आप्पांनी विचारलं. मी म्हटलं, बरा आहे. तो स्टेपनीचा होता.

बिल्टी मीच फाडली होती. ड्रायव्हरच्या रकान्यात आप्पांखाली स्वतःचं नाव लिहिताना अक्षर जरा थोरलं आलं. मोबाईल नंबरही माझाच टाकला. इथं एक धंद्याची गोष्ट सांगायला हवी. गाडी सुटली की बुकिंगवाल्याचं पुढचं काम म्हणजे ड्रायव्हरला फोन करत राहणं. तो कडोदऱ्याला असला की सांगतो बारडोली सोडली. व्याऱ्याला असला की सांगतो सोनगड पास केलं. आणि कुठंही असला तरी पोचायला अर्धा तास. हे ड्रायव्हर खोटं का बोलतात यावर मी आजवर बरीच तावातावानं भाषणं केली होती.

बारडोलीपर्यंत आप्पांनी चालवली. पुढं रस्ता मोकळा मिळाल्यावर मला बसवलं. मी चालवू लागलो, आणि ती खरोखर चालली. साडेअठ्ठावीस टनांवर आपण बसलोय हे पोटात जाणवत राहतं. ब्रेक मारायचा विचार आधी करायचा, ब्रेक नंतर. माझे विचार इतके आधी सुरू व्हायचे की गाडीला वेग घ्यायला सवडच मिळेना. मागं रांग लागली. एसटी गेली, टँकर गेला. मग एक ट्रॅक्टर, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हरच्या मांडीवर लाउडस्पीकर, तोही ओलांडून गेला. ओलांडताना त्यानं मला हात केला, चांगल्या मनानं.

"आप्पा, आपण फार हळू जातोय का?" मी विचारलं.

"भाऊसाहेब, गाडीले घाई नही ऱ्हास," आप्पा म्हणाले. "घाई शेठले ऱ्हास." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "ई-वे बिल कितला दिनना से?"

ई-वे बिलाची मुदत २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. धुळं त्याच्या जरा पुढं, म्हणजे दोन दिवस. हे मी त्यांना एका दमात ऐकवलं. निदान कागदाच्या बाबतीत तरी माझा अधिकार होता. आप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि "पुरी जाई," असं म्हणाले, पण खात्रीनं नाही.

नवापूर मागं पडलं. आता कोंडाईबारीचा घाट येणार. या घाटात किती गाड्या उलटल्यात ते आप्पा मला खुणेच्या झाडांसकट सांगू लागले. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा नियम आहे, तो मला तोंडपाठ होता. उतरणाऱ्यांनाही तोंडपाठ असेल का, ही शंका मात्र विसरवाडी येईपर्यंत फार वाढली. मी गाडी एका टपरीसमोर उभी केली आणि सांगितलं की इंजिनाला विश्रांती पाहिजे. आप्पा इंजिनाकडे न बघता माझ्याकडे बघत खाली उतरले. चहा आला. भजी आली. दुसरी प्लेट सांगितली तेवढ्यात फोन वाजला. माझ्या खुर्चीवर बसवलेला ऑफिसातला नवा पोरगा.

"काका, गाडी कुठं पोचली? धुळ्याची पार्टी डोकं खातेय."

"घाट चढतोय," मी म्हणालो. हे वाक्य कुठून आलं ते मला सांगता येणार नाही, पण अगदी सहज आलं. "अर्धा तास धर."

"काका, जीपीएसवर विसरवाडी दिसतंय. आणि गाडी उभी दिसतेय."

"त्या जीपीएसला घाट चढायला वेळ लागतो रे. गाडी पुढं गेली, ते मागून येईल."

मी फोन ठेवला. आप्पांनी बशीतला चहा संपवला, पोऱ्याला हाक मारली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ड्रायव्हरसाहेबले आखो एक चहा दे रे."